नदीचे पाणी आणि विहिरीचे पाणी : परिसर-अभ्यासाचा एक पाठ
(इयत्ता पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी)

पवनार येथे धाम नदीच्या पात्रात महात्मा गांधींच्या स्मरणार्थ उभारलेली छत्री आहे. १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचा काही भाग या नदीत विसर्जित करण्यात आला. वर्धा जिल्ह्यातील पुष्कळ मुलांनी हे स्थान सहलीच्या निमित्ताने पाहिलेले असते. शिक्षकाने ती तारीख फळ्यावर लिहावी आणि वर्गास एक साधा प्रश्न विचारावा : "पावसाळा संपून त्या वेळी चार महिने लोटले होते. मग फेब्रुवारीत नदीला पाणी कोठून आले?"

काही मुले 'धरणातून' असे उत्तर देतील. आजच्यापुरते ते अगदीच चूक नव्हे. महाकाळी येथील धाम प्रकल्पातून सोडलेले पाणी आज या पात्राने वाहत येते, आणि पवनार व येळाकेळी येथे ते उचलून वर्धा शहरास पुरविले जाते. परंतु १९४८ साली हे धरण नव्हते. तरीही नदी वाहत होती. गावाजवळच्या ज्या नाल्यावर धरण नाही, तोही चांगल्या वर्षी संक्रांतीपर्यंत झुळझुळत असतो. हे पाणी आकाशातून येत नाही आणि धरणातूनही येत नाही. ते येते कोठून? या प्रश्नापाशी वर्ग विचारात पडला, म्हणजे पाठास प्रारंभ झाला असे समजावे.

१. पाठाचा हेतू

पावसाळा संपल्यावर नदीत जे पाणी वाहते ते मुख्यत्वे जमिनीत मुरलेले पाणी असते. विहिरीत दिसणारे पाणीही तेच. यास्तव विहिरीतून होणारा अतिरिक्त उपसा हा नदीच्याही पाण्याचा उपसा असतो, आणि नदीकाठी चाललेला उपसा भोवतालच्या विहिरींनाही भोवतो. या एका गोष्टीचा मुलांना स्वतःच्या निरीक्षणाने प्रत्यय यावा, आणि गावाला किती पाणी मिळते व किती उपसता येते याचा हिशेब त्यांना मांडता यावा, हा या पाठाचा हेतू आहे. 'पाणी जपून वापरा' असा उपदेश मुलांनी पुष्कळ ऐकलेला असतो. हिशेबावाचून केलेला उपदेश फार काळ टिकत नाही.

२. शिक्षकाने जाणावयाचा विषय

वर्धा जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे १००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्ट खडकाचा आहे. वर्धा नदीच्या काठी काही ठिकाणी गाळाचा पट्टा आहे, तो निराळा. काळा पाषाण मुळात घट्ट असतो. पाणी साठते ते त्याच्या वरच्या झिजलेल्या थरात, म्हणजे मुरुमात, आणि खडकातील भेगांत व सांध्यांत. वाळूच्या ढिगात पाण्याला जितकी जागा असते, तितकी येथे नसते. शंभर घनमीटर खडकातून साधारणतः एक ते तीन घनमीटरच पाणी निथळून बाहेर येते. मुलांना हे असे सांगावे : 'आपल्या जमिनीच्या पोटातली घागर लहान आहे. ती लवकर भरते आणि लवकर रितीही होते.' आषाढ-श्रावणात विहिरी झपाट्याने चढतात व फाल्गुन-चैत्रात झपाट्याने उतरतात, त्याचे कारण हेच होय.

पडलेल्या पावसापैकी काही पाणी वाहून जाते, काहीची वाफ होते, काही पिके व झाडे घेतात आणि उरलेले जमिनीत मुरते. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात मुरणारा भाग मोटामोटीने शंभरात दहाच्या आसपास धरता येतो. मुरलेले पाणी एका जागी स्वस्थ राहत नाही. ते उताराच्या दिशेने अतिशय सावकाश सरकत जाते व जेथे नाल्याचे वा नदीचे पात्र त्याच्या पातळीच्या खाली असते, तेथे झऱ्यांच्या व पाझरांच्या रूपाने पात्रात उतरते. हिवाळ्यातील नदी ती हीच. भूजलाची पातळी पात्राच्या तळाखाली गेली की पाझर बंद होतो. इतकेच नव्हे, तर पात्रात असलेले पाणी उलट जमिनीत झिरपू लागते. नदी प्रथम डोहाडोहांत तुटते आणि मग कोरडी पडते.

बोर, धाम व नंद या नद्यांचे पाणी वणेस व वणेचे वर्धेस मिळते. यशोदाही वर्धेसच मिळते. वर्धेचे पाणी पुढे वैनगंगेच्या पाण्यासह प्राणहितेतून गोदावरीस जाते. आर्वी किंवा सेलू तालुक्यातील एखाद्या शेतातील विहीर ही अशा लांबच्या साखळीतील पहिली कडी आहे, हे नकाशावर बोट फिरवून दाखवावे.

३. वर्गातील प्रयोग

साहित्य : एक पसरट पारदर्शक डबा, धुतलेली वाळू व बारीक खडी, बोटाएवढी जाड पोकळ नळी, पातळ फडके, पिचकारी, निळीचे पाणी व झारी.

डब्यात वाळू-खडीचा थर असा पसरावा की एका बाजूस तो उंच राहील व दुसऱ्या बाजूस उतरता होऊन कडेला मोकळी चर उरेल. ही चर म्हणजे नदी. नळीच्या खालच्या टोकास चार-पाच भोके पाडावीत, ते टोक फडक्याने बांधावे व नळी उंच भागात उभी रोवावी. ही विहीर. आता झारीने उंच भागावर निळीचे पाणी सावकाश शिंपावे. चरीत प्रत्यक्ष पाणी न ओतताही थोड्या वेळाने तेथे निळे पाणी दिसू लागेल. मुलांनी डब्याच्या बाहेरून चरीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. मग पिचकारीने नळीतील पाणी ओढून काढावे व तसेच ओढत राहावे. काही वेळाने चरीतील पाणी खुणेखाली जाईल. नदीला कोणी हातही लावला नाही, तरी ती उतरली.

हा अनुभव घेतल्यावर शिक्षकाने लगेच स्पष्टीकरण देऊ नये. प्रथम मुलांना बोलू द्यावे. शेवटी मात्र सांगावे की आपल्या भागात वाळूऐवजी भेगांचा पाषाण आहे. म्हणून हा परिणाम कोठे दोन दिवसांत, तर कोठे दोन महिन्यांनी दिसतो आणि सर्वत्र सारखाही नसतो.

४. विहिरीची व नाल्याची मोजणी

गावातील एक सार्वजनिक विहीर निवडावी. दोरीस जड दगड बांधून दर अर्ध्या मीटरवर गाठ मारावी. प्रत्येक महिन्याच्या एका ठराविक तारखेस, सकाळी पंप सुरू होण्यापूर्वी, कठड्यापासून पाण्यापर्यंतची खोली मोजावी. दोरी शिक्षकाने स्वतः सोडावी. मुलांना कठड्यापासून दूर उभे करून त्यांच्याकडून केवळ नोंद करून घ्यावी. हा नियम कधीही मोडू नये. नोंदी शाळेच्या भिंतीवर तक्त्यात मांडाव्या. १९७२ साली स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण-विहिरींची पातळी अशाच रीतीने वर्षातील ठरलेल्या वेळी मोजत आली आहे. शाळेचा तक्ता हे त्याच कामाचे लहान रूप होय. तीन-चार वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे गावाला त्यांचे मोल कळेल.

नाल्याचा प्रवाह मोजण्यासही फार साधने लागत नाहीत. पावसाळा सरल्यावर, पाणी घोट्याएवढे असताना, नाल्याचा सरळ भाग पाहून दहा मीटर अंतर आखावे. पाण्याची रुंदी व सरासरी खोली मोजावी. वाळलेले पान किंवा लाकडाचा तुकडा सोडून ते अंतर तो किती सेकंदांत कापतो ते पाहावे. समजा, रुंदी २ मीटर, खोली १५ सेंटिमीटर व लागलेला वेळ ४० सेकंद आहे. वेग सेकंदाला पाव मीटर झाला. रुंदी, खोली व वेग यांचा गुणाकार ०.०७५ घनमीटर, म्हणजे सेकंदाला ७५ लिटर येतो. पृष्ठभागावरील पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जलद वाहते, म्हणून यातील पाचवा हिस्सा वजा करावा. उत्तर सेकंदाला ६० लिटर.

आता यापुढचा प्रश्न विचारावा. शेतातील पाच अश्वशक्तीचा पंप सेकंदाला दहा लिटर पाणी उपसतो असे धरले, तर हा संपूर्ण नाला किती पंपांनी आटेल? उत्तर सहा. मुलांनी नाल्याच्या काठाने चालत जावे आणि पंप मोजावेत.

५. गणिताशी समवाय : गावाचा ताळेबंद

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून नई तालीमचा विचार देशापुढे आला. हाताचे काम, भोवतालची सृष्टी व समाजजीवन यांच्याशी ज्ञानाचा समवाय साधावा, हे त्याचे सार. पाण्याच्या हिशेबाइतके त्यास अनुरूप उदाहरण खेड्यातील शाळेला क्वचितच सापडेल.

पहिले उदाहरण मोटेचे घ्यावे. घरच्या आजोबांना विचारून मुलांनी मोट, धाव व थारोळे यांची माहिती मिळवावी. एक मोट १५० लिटरांची व दोन मिनिटांस एक खेप, असे धरल्यास आठ तासांत २४० खेपा, म्हणजे ३६,००० लिटर पाणी निघे. वर सांगितलेला पंप आठ तासांत २,८८,००० लिटर काढतो, म्हणजे मोटेच्या आठपट. मोटेच्या काळी बैल थकत आणि विहिरीस आपोआप विसावा मिळे. पंप थकत नाही. म्हणून विसावा कधी द्यावयाचा हे आता माणसानेच ठरवावे लागते.

दुसरे उदाहरण : एक हेक्टर जमिनीखालील भूजल एक मीटरने उतरले, तर किती पाणी निघाले? एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. एक मीटर खोलीचा खडक १०,००० घनमीटर झाला. त्याच्या शंभरात दोन भाग पाणी धरले, तर २०० घनमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. पंपाचा एका दिवसाचा उपसा याहूनही अधिक आहे.

तिसरे उदाहरण संपूर्ण गावाचे. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल आहेत. प्रत्येक शाळेने आपल्या गावाचे आकडे घालावेत.

गावाचे क्षेत्र ५०० हेक्टर. मुरलेले पाणी १०० मिलिमीटर. जमा : ५० कोटी लिटर.
लोकसंख्या १०००. जलजीवन मिशनच्या प्रमाणानुसार माणशी दररोज ५५ लिटर. वर्षाचा खर्च : सुमारे २ कोटी लिटर.
गुरे ५००. प्रत्येकी दररोज ५० लिटर. वर्षाचा खर्च : सुमारे ९१ लाख, म्हणजे जवळजवळ १ कोटी लिटर.
गहू १०० हेक्टर. ४०० मिलिमीटर ओलिताप्रमाणे हेक्टरी ४० लाख लिटर. खर्च : ४० कोटी लिटर.
एकूण खर्च ४३ कोटी. शिल्लक ७ कोटी लिटर.

ही शिल्लक कोणाची? ती नदीची, पात्रातील डोहांची, माशांची, रानातील पशुपक्ष्यांची आणि नदीच्या खालच्या अंगास वसलेल्या गावांची. भूजलाच्या शासकीय मोजणीतही वार्षिक पुनर्भरणातून शेकडा पाच ते दहा भाग नैसर्गिक प्रवाहासाठी वेगळा धरतात. आता गव्हाचे क्षेत्र १०० ऐवजी १२५ हेक्टर करून हाच हिशेब मुलांकडून पुन्हा करवावा. पिकाचा खर्चच ५० कोटी होतो. जमेपेक्षा खर्च तीन कोटींनी वाढतो, आणि नदीच्या वाट्याला काहीच उरत नाही. ओलिताचे काही पाणी परत जमिनीत मुरते, ते या सोप्या हिशेबात धरलेले नाही, हे वरच्या वर्गांत सांगावे.

या ताळेबंदातून आणखी एक गोष्ट मुलांच्या ध्यानात येईल. माणसांच्या पिण्या-वापरण्यास लागणारे पाणी एकूण जमेच्या पंचविसाव्या हिस्स्याएवढेच आहे. तरीही टंचाईच्या दिवसांत प्रथम ओढ बसते ती पिण्याच्या विहिरीलाच. कारण तिच्या शेजारचा उपसा आधीच होऊन गेलेला असतो. घागर घेऊन दूरवर जाण्याची पाळी मग आई-बहिणींवर येते, आणि पुष्कळदा त्यासाठी शाळा बुडते ती मुलींचीच. हजेरीपटावरील उन्हाळ्याच्या तोंडच्या गैरहजेऱ्या व विहिरीच्या तक्त्यातील त्याच महिन्यांच्या नोंदी शिक्षकाने एकदा शेजारी ठेवून पाहाव्यात.

६. उपाय व उदाहरणे

उपायांचे दोन भाग आहेत : जमा वाढविणे आणि खर्च आवरणे.

जमा वाढविण्याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. आर्वी तालुक्यातील काकडदरा या कोलाम आदिवासींच्या लहानशा गावाने २०१७ च्या उन्हाळ्यात श्रमदानाने मृद्‌-जलसंधारणाची कामे केली व पाणी फाउंडेशनच्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळविला. उतारावर समतल चर खणावेत, शेतास बांध घालावेत, नाल्यात ठिकठिकाणी पाणी अडवावे, म्हणजे धावणारे पाणी चालू लागते व चालणारे पाणी मुरते. वरच्या हिशेबाप्रमाणे केवळ वीस मिलिमीटर पाऊस जास्त मुरला, तरी विहिरींची पातळी एक मीटर चढू शकते. लहान घागर भरावयास थोडे पाणी पुरते, हा आपल्या पाषाणाचा गुणच समजावा.

परंतु जमा वाढली की खर्चही त्याच वेगाने वाढतो, असा अनेक गावांचा अनुभव आहे. विहिरीस पाणी आले की ओलित वाढते आणि चार वर्षांत स्थिती पूर्ववत होते. आर्वी, आष्टी व कारंजा या तालुक्यांतील संत्र्यांच्या बागांस ठिबक सिंचन उपकारक आहे खरे. पण ठिबकाने वाचलेले पाणी नव्या बागेस दिले, तर ते नदीच्या दृष्टीने वाचले असे म्हणता येत नाही. जमिनीत राहू दिलेले पाणीच खऱ्या अर्थाने वाचलेले पाणी होय.

खर्च आवरण्याचे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे आहे. तेथे पाऊस वर्धेच्या निम्म्याहूनही कमी पडतो. तेथील ग्रामसभेने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून त्याप्रमाणे पिके ठरविण्याची पद्धत घातली. शेतीसाठी बोअर घेऊ नये, ऊस व केळी लावू नयेत, असे निर्बंध गावाने आपणहून स्वीकारले. गावाने आपली घागर मोजली व तेवढाच खर्च ठेवला, हे त्या यशाचे मर्म आहे. आपल्याकडे पाऊस अधिक असूनही टंचाई का येते, हा प्रश्न या उदाहरणावरून मुलांच्या मनात आपोआप उभा राहील.

कायद्याचीही थोडी माहिती शिक्षकास असावी. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून नवी विहीर घेण्यास मनाई केली होती. त्याच्या जागी आलेला महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, २००९ हा २०१४ पासून अमलात आला. तो केवळ पिण्याच्या पाण्यापुरता नसून पाणलोट क्षेत्रनिहाय सर्व भूजलाचा विचार करतो. ६० मीटर किंवा त्याहून अधिक खोलीच्या विहिरीस त्यात 'खोल विहीर' म्हटले आहे. कायदा आपल्या जागी आवश्यक आहेच. परंतु प्रत्येक पंपापाशी पहारेकरी उभा करता येत नाही. ज्या गावास आपला हिशेब स्वतः समजला आहे, त्याच गावात कायदा चालतो.

७. एक सावधगिरी

हा पाठ शिकविताना शिक्षकाने एका गोष्टीचे भान अवश्य ठेवावे. वर्गातील एखाद्या मुलाच्या वडिलांचा पंप नाल्यावर असतो. दुसऱ्याच्या घरी कर्ज काढून बोअर घेतलेला असतो व तो कोरडा गेलेला असतो. 'पंप कोणाचा?' हा प्रश्न वर्गात कधीही विचारू नये. पंप किती व पाणी किती, एवढेच विचारावे. पाणी उपसणारा शेतकरी हा अपराधी नव्हे. कपाशी वा गहू वाचविण्यासाठी तो आपल्यापुरता योग्य तेच करीत असतो. सर्वांनी एकाच वेळी आपल्यापुरते योग्य ते केले की सर्वांचीच विहीर आटते. कोणा एकाचा दोष नसतानाही सर्वांचे नुकसान कसे होते, हे मुलांना कळणे, हाच या पाठातील नागरिकत्वाचा भाग आहे. मुलांनी घरी जाऊन वडीलधाऱ्यांना शहाणपण सांगावे, अशी अपेक्षा धरू नये. शाळेच्या भिंतीवर तक्ता लावावा, आणि ग्रामसभेने विचारल्यास शिक्षकाने तो तेथे नम्रपणे वाचून दाखवावा. आकडे आपले काम करतात.

स्वाध्याय

१. पावसाळ्यानंतर नाला किती आठवडे वाहिला? त्याच काळात विहिरीची पातळी किती उतरली? दोन्हींचा आलेख एकाच कागदावर काढा.
२. शाळेचे छप्पर १०० चौरस मीटर आहे. त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडल्यास किती लिटर पाणी मिळेल? १००० मिलिमीटर पडल्यास किती?
३. आपल्या गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडा. शिल्लक येते की तूट?
४. नाल्यावरील सहा पंप एकाच वेळी न चालविता पाळीपाळीने चालविले, तर काय फरक पडेल आणि काय पडणार नाही?
५. गावातील वृद्ध माणसांना विचारा : पूर्वी नदीतील कोणता डोह उन्हाळ्यातही आटत नसे? आज तो कोणत्या महिन्यात आटतो?

पाचव्या प्रश्नाची उत्तरे शाळेने एका स्वतंत्र वहीत उतरवून ठेवावीत. डोहांची नावे सांगणारी माणसे आज गावात आहेत. ती आहेत तोवर ही नोंद व्हावी. पुढे एखाद्या वर्षी त्यांपैकी एका डोहात वैशाखातही पाणी राहिले, तर ते कोणाच्या कामाने राहिले हे त्याच वहीवरून मुलांना सांगता येईल.